तीन नंबरची बाटली

माझ्या दादाला वायनरीत सगळे चूळभरे म्हणतात. आमचं आडनाव नाही ते. तोंडात घोट घ्यायचा, या गालातून त्या गालात खळखळवायचा, डोळे मिटायचे आणि पचकन बादलीत थुंकायचं, हे काम त्याने जन्मभर केलं आणि त्याचाच पगार घेतला, म्हणून चूळभरे. हे सगळं त्याच्या पाठीमागे. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त माझी, आणि धाकटी बहीण असल्यामुळे मी ती रोज वापरते.

तो खाली तळघरात, मी वर बाटल्यांच्या खोलीत. मी बाटल्या धुते, पुसते, लेबलं चिकटवते, खोक्यांत भरते. तो वाइनचं मिश्रण करतो. आमच्याकडे तीन जातींच्या द्राक्षांची तांबडी वाइन तीन वेगळ्या रांगांतल्या लाकडी पिंपांत मुरत ठेवतात. पहिलीला रंग असतो पण वास नसतो, दुसरीला वास असतो पण अंगात जोर नसतो, आणि तिसरी तुरट, भांडखोर, कोणाशी न पटणारी. या तिघींचा संसार एका बाटलीत कसा लावायचा, कोणाला किती जागा द्यायची, हे दादा ठरवतो. "तिसरी म्हणजे तू," असं तो मला ऐकवतो. मी म्हणते, "मग मी नसले तर तुझी वाइन नुसतं सरबत की रे!" यावर तो पिंपाकडे वळतो.

आता अशी जीभ सांभाळायची म्हणजे काय थट्टा आहे? होती ती त्याच्या तोंडात, पण सांभाळली वहिनीने. घरात वासाचा साबण नाही, केसांना वासाचं तेल नाही. कांदा घरात यायचाच नाही. तिखट नाही, मीठ बेताचं, चहा कोमट, कारण जीभ भाजेल. शेजाऱ्यांनी दाराला रंग द्यायला काढला तेव्हा हा नाकाला ओला रुमाल लावून भांडायला गेला, आणि त्या बिचाऱ्यांचं दार कितीतरी दिवस अर्धं निळं, अर्धं करडं राहिलं. वहिनी म्हणजे गरीब गाय. मी तिला एकदा विचारलं, "तुला कधी वाटत नाही का गं, एक दिवस चांगलं झणझणीत करून त्याच्या पुढ्यात आदळावं?" ती म्हणाली, "त्यांच्या जिभेवर आपलं घर चालतं ना." हे तिने अगदी सरळ सांगितलं.

आणि दादा? त्याला गर्व तरी केवढा! "मला झोपेतून उठवा, अंगात ताप असू दे, डोळ्यांवर पट्टी बांधा. शंभर पेल्यांतून माझी वाइन काढून दाखवीन." हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्याने 'झोपेतून' म्हटलं की पुढचं मीच पुरं करते. दुसरीकडच्या वाइनींबद्दल त्याची मतंही कायमची ठरलेली. नदीकाठची? "पाणी मारलेलं." पठारावरची? "ऊन लागलेलं." किनाऱ्याकडची? तिच्याबद्दल तर तो तोंडही उघडत नसे, नुसता हात झटकायचा. यातली एकही त्याने धड चाखली नव्हती. चाखायची त्याला गरजच वाटत नव्हती.

पुढे मोठे मालक गेले आणि वायनरी त्यांच्या मुलीकडे आली. ती फ्रॉक घालून पिंपांमागे लपाछपी खेळायची तेव्हापासून आम्हाला ओळखते. दादाला काका म्हणते, मला आत्या म्हणते. आम्ही तिला आता बाई म्हणतो, कारण मालकीण ती मालकीण. तर एक दिवस बाई तळघरात उतरल्या आणि म्हणाल्या, "काका, पिंपं जुनी झालीत, काही तर गळायलाच लागलीत. नवी घेणं झेपत नाही. बाहेरून तयार मिश्रण टँकरने आणून आपल्या बाटलीत भरलं तर? लोक काय, लेबल बघून घेतात."

दादा लालबुंद झाला. "लेबल बघून? म्हणजे इतकी वर्षं मी इथे माशा मारल्या का?"

बाई शांत. त्यांचा हा शांतपणा मला कधीच आवडत नाही, कारण त्यामागे काहीतरी ठरलेलं असतं. म्हणाल्या, "मग चाखूनच ठरवू. चार भागांतल्या चार तांबड्या वाइन, सगळ्या मिश्रणाच्याच, बाटल्या झाकून. आपली पहिली आली तर नवी पिंपं घेते, आणि तुम्ही आहात तोवर मिश्रण आपलंच. नाही आली तर जी पहिली येईल ती मागवायची, पिंपं विकून टाकायची, आणि तुम्ही वर आत्यांबरोबर लेबलांचं बघायचं."

लेबलांचं! मी त्या खोलीत आनंदाने राबते. गोंद, फडकी, खिडकीतून येणारं ऊन, मला काय कमी आहे? पण दादाला तिथे उभं करणं म्हणजे माणसाला जिवंतपणी संपवणं होतं. हे मला कळलं, बाईंनाही कळत होतं. आणि दादा काय म्हणाला असेल? "मंजूर. पण चाखायला मीसुद्धा बसणार."

"तुम्ही कसे बसणार काका? तुमचीच वाइन आहे."

"झाकलेली असणार ना? मग माझी काय आणि दुसऱ्याची काय. अहो, मी जर बसलो नाही तर बसणार कोण? ज्यांना व्हिनेगर आणि वाइन यातला फरक कळत नाही ते? आणि मी माझी ओळखली, ओळखणारच म्हणा, तरी एक मार्क जास्त देणार नाही. शब्द देतो." झालं. बाईंनी मान हलवली. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच, पण तो धोंडा केवढा आहे हे त्या दिवशी कोणालाच कळलं नाही.

बाटल्या झाकायचं काम दादाने माझ्यावर टाकलं. "माझी बहीण फटकळ आहे," तो बाईंना म्हणाला, "पण लबाड नाही." एवढं कौतुक त्याने माझं जन्मात केलं नव्हतं.

चाखणी सकाळी ठेवली, जेवणाच्या आधी, कारण तेव्हा जीभ स्वच्छ असते. जागा माझीच खोली. मी लांब टेबलावर पांढरी चादर घातली, प्रत्येकापुढे चार पेले, पाणी, साध्या पावाचे तुकडे आणि थुंकायला एकेक छोटी बादली ठेवली. बाटल्यांची बुचं आधीच काढली, नाहीतर बुचावरून ओळख पटते. मग प्रत्येक बाटली खाकी कागदी पिशवीत घालून गळ्याशी दोरी बांधली आणि पिशवीवर नंबर टाकला. एक नंबर किनाऱ्याची. दोन नदीकाठची. तीन आमची. चार पठारावरची. कुठल्या पिशवीत काय आहे हे फक्त मला माहीत, आणि चाखताना कोणी बोलायचं नाही, ओतणाऱ्याने तर मुळीच नाही, हा नियम. माझ्यासारखीला हा नियम! पण दादाने घातला होता, म्हणून पाळायचा.

चाखायला चौघं. बाई स्वतः. स्टेशनाजवळच्या हॉटेलचे मॅनेजर, आमचे जुने गिऱ्हाईक, कमी बोलणारे. दातांचे डॉक्टर, तेही गिऱ्हाईक, पण जास्त बोलणारे. जन्मभर लोकांच्या तोंडात बघितल्यामुळे चवीतलं आपल्याला कळतं अशी त्यांची समजूत. आणि चौथा आमचा चूळभरे, उपाशीपोटी, इस्त्रीचा शर्ट घालून, परीक्षेला बसलेल्या हुशार मुलासारखा.

मी एक नंबर ओतला. दादाने पेला चादरीसमोर तिरका धरला, गोल फिरवला, नाक घातलं. मग घोट घेतला. या गालातून त्या गालात. डोळे मिटले. आणि मी बघतच राहिले, कारण तो थुंकला नाही. त्याने तो घोट गिळला. कामावर असताना वाइन गिळणारा दादा मी कधी पाहिला नव्हता. बराच वेळ तो डोळे मिटूनच बसला. चेहरा असा मऊ झाला होता की क्षणभर मला आमची आई आठवली. मग त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच एक डोळा मिचकावला. सापडली, असं त्याचं म्हणणं.

अरे मेल्या, ती किनाऱ्याची आहे!

तो इकडे आनंदाने लिहितोय. वीसपैकी मार्क द्यायचे होते. मी मागून ओतायच्या मिषाने डोकावले. त्याने एकोणीस लिहिले होते. मग थोडा विचार करून एकोणीस खोडले आणि अठरा केले. स्वतःची आहे ना, पक्षपात झाला असं कोणी म्हणायला नको! या माणसाच्या प्रामाणिकपणाला काय म्हणावं, मला समजेना.

दोन नंबर थुंकला, मार्क टाकले. मग तीन नंबर आला. आमचा. मी त्याच्या पेल्यात जरा जास्तच ओतला, म्हटलं तेवढाच वास चढेल. त्याने घोट घेतला आणि लगेच नाक मुरडलं. थुंकताना तर असा आवाज केला की मॅनेजरांनी वळून पाहिलं. बोलायचं नाही हा नियम यानेच केलेला, पण याला राहवेल तर ना! लिहिता लिहिता पुटपुटायला लागला, "लाकूड, लाकूड, नुसतं लाकूड. दम धरवला नाही. बिचाऱ्या वासाला गळा दाबून मारलंय." आणि मग पेन खाली ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ज्याने ही केली असेल ना, त्याला निरोप द्या. म्हणावं, बाबा रे, दुसरं काहीतरी काम बघ."

डॉक्टर म्हणाले, "मला तर बरी वाटली हो."

दादाने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "डॉक्टर, तुम्ही दात बघा."

आता मी काय करू? मी खोकले. मी पाण्याचा जग त्याच्या कोपराशी आपटला. त्याच्या खुर्चीच्या पायाला पाय मारला. तो वैतागून म्हणाला, "काय गं, पाय सांभाळ की!" शेवटी मी धीर करून म्हटलं, "दादा, तुझा तीन नंबरचा पेला नीट विसळला नव्हता बहुतेक. दुसऱ्या पेल्यात देते, परत चाख." नियमात बसत नव्हतं ते, पण पेल्याबद्दल बोलायला कोणाची हरकत असणार? त्याने पेला उजेडात धरला. "पेला चकचकीत आहे. पण म्हणतेस तर दे. अन्याय नको व्हायला कोणावर."

त्याने पुन्हा चाखली. नीट, सावकाश, डोळे मिटून. मग कागद ओढला आणि मार्क आणखी कमी केले. "मघाशी उगाच दोन जास्त दिले गेले," तो म्हणाला. मला त्याच बादलीत डोकं घालावंसं वाटलं.

चौथी झाली. कागद गोळा झाले, बाईंनी बेरजा केल्या. एकदा केल्या, पुन्हा केल्या. "एक नंबर पहिली," त्या म्हणाल्या. "तीन नंबर थोडक्यात दुसरी."

दादा खुर्चीवरून उठलाच. "बघा! मी काय म्हणत होतो? आहे का शंका? पिंपांचं सांगून टाका बाई, पावसापाण्याच्या आधी आलेली बरी." त्याने मॅनेजरांचा हात हातात घेऊन हलवला. डॉक्टरांचाही हलवला, मोठ्या मनाने.

"आत्या, पिशव्या काढा," बाई म्हणाल्या.

मी चारपासून सुरुवात केली, तेवढाच वेळ काढावा म्हणून. पठारावरची. मग दोन. नदीकाठची. मग माझी बोटं दोरीत अडकायला लागली. दादा हसत म्हणाला, "अगं, काढ की एक नंबर, आपली वाट बघतेय." मी काढली. लेबलावर निळी बोट होती, किनाऱ्याकडच्या कंपनीची.

तो अजून हसतच होता. हसू चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे बदलले. "तू बाटल्या बदलल्यास," तो मला म्हणाला. मी तीन नंबरची पिशवी काढली. आमचं लेबल, मी माझ्या हाताने चिकटवलेलं, सरळ, एकही सुरकुती नसलेलं.

बाई कागद खालीवर करत होत्या. डॉक्टरांनी शेजारून त्यात डोकावून पाहिलं आणि त्यांना सुचलं. "अहो थांबा, आम्ही तिघांनीही तीन नंबरलाच पहिली ठेवलीय! ती खाली आली ती यांच्याच मार्कांनी. मुळात ज्याची वाइन तोच परीक्षक, हे बरोबर आहे का? काढून टाका यांचा कागद."

बाईंचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांना तरी तळघर बंद करायची कुठे हौस होती? "खरंच की. काका, तुमचा कागद मी बाजूला ठेवते. मग आपलीच पहिली. पिंपं येतील."

सगळे दादाकडे बघायला लागले. मी मनात म्हणत होते, मान हलव. नुसती मान हलव रे, बाकी आम्ही बघतो.

त्याने स्वतःच्या हाताने तीन नंबरची बाटली उचलली, पेल्यात ओतली आणि चाखली. आता त्याला कळत होतं काय पितोय ते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की या माणसाने स्वतःची वाइन कधी बाटलीतून प्यायलीच नव्हती. तो चाखायचा ती खाली, गारठ्यात, अंधारात, पिंपातून काढून, पत्र्याच्या मगातून. ती तयार व्हायची, वर माझ्याकडे यायची, की त्याचं लक्ष पुढच्या पिंपाकडे. आणि घरी आला की पाणी. दिवसभर तोंडात तेच असल्यावर घरी कोण पिणार? बाटलीत गेल्यावर तिचं काय होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं, एकट्या चूळभऱ्याला नव्हतं.

"कागद ठेवा," तो म्हणाला.

"बाजूला ना?"

"नाही. मोजा माझे मार्क."

माझा ताबाच सुटला. "अरे, वेड लागलंय का तुला? तुझी आहे ती! तुझ्या हातची!"

"कळलं मला. म्हणून काय चांगली झाली?"

"तिघांना आवडली ना पण!"

"त्यांना आवडली. मला नाही आवडली." तो खाली बसला. "माझा कागद फाडायचा, म्हणजे माझ्या जिभेत काही राम नाही. मग इतकी वर्षं मी खाली करत काय होतो? आणि नाही फाडायचा, तर..." बोट त्याने बाटलीकडे केलं आणि थांबला. मग त्याने ती निळ्या बोटीची बाटली जवळ ओढली. "आणि ही बघ. मला वाटत होतं, मी ही करतोय. देवाशपथ सांगतो, दर वर्षी मला वाटायचं की मी हीच करतोय."

मला रडू कोसळलं आणि रागही असा आला की एक पेला फोडावासा वाटला. फोडला नाही, कारण पुसायचा मलाच होता.

संध्याकाळी मी त्याच्याबरोबर घरी गेले. वहिनीला मीच सगळं सांगितलं, कारण तो दारातच खुर्ची टाकून बसला. तिने सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि विचारलं, "म्हणजे आता कांदा आणला तर चालेल?" तिच्या मनात टोमणा वगैरे काही नव्हता हो, ती खरंच विचारत होती. त्या दिवशी तिने कांदा घालून तिखटजाळ भाजी केली. दादाच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. त्याने ती निमूटपणे संपवली आणि आणखी मागितली. तो तिखटाने रडतोय की कशाने, हे आम्ही दोघींनीही विचारलं नाही.

बाईंनी शब्दाप्रमाणे किनाऱ्याकडच्या कंपनीला फोन केला. टँकरचं ठरवायला दादाला आणि मला गाडीने पाठवलं. जाताना दादात पुन्हा जीव आल्यासारखा वाटला. ज्याने ती वाइन केली त्या माणसाला तो भेटणार होता. वाटेत माझं डोकं खाल्लं. "तुरट वाइन तो किती घालत असेल? पिंपं नवी वापरत असेल की जुनी? म्हातारा असेल बघ, माझ्याहून म्हातारा. एकदा त्याचा हात हातात घ्यायचाय मला."

तिथे पोचलो तर लांबच्या लांब पत्र्याची शेड, आत स्टीलच्या टाक्या, आणि कोपऱ्यातल्या ऑफिसात एक सुपरवायझर बाई डबा खात बसलेली. आम्हाला बघून तिने झाकण लावलं. दादाने निळ्या बोटीची बाटली तिच्यापुढे अशी ठेवली, की मला वाटलं आता तो तिला नमस्कार करतो. "हे मिश्रण कोण करतं हो तुमच्याकडे?"

तिने बाटली फिरवून पाहिली. "हे होय! हे उरलंसुरलं."

"म्हणजे?"

"म्हणजे नवा माल यायच्या आधी टाक्या रिकाम्या कराव्या लागतात ना? मग सगळ्यांच्या तळाशी जे काही राहतं ते एकाच टाकीत ओततो. फेकून कसं द्यायचं?"

"पण... चाखतं कोण? किती काय घालायचं, हे?"

"त्यात चाखायचंय काय काका? आंबलं नाही ना, एवढं बघतात. टाकी भरली की बाटल्यांत." तिला आमची तोंडं बघून वाईट वाटलं असावं. तिने डब्यातली बिस्किटं पुढे केली.

दादाने एक बिस्कीट घेतलं. "आणि यंदा अशीच मिळेल?"

"यंदा जे उरेल ते मिळेल."

गाडीत बसल्यावर मला जे हसू सुटलं ते थांबेचना. पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी काढलं. चाळीस मैलांवरून पाया पडायला आलो ते गाळाच्या! दादा हसला नाही. खिडकीबाहेर बघत बसला. शेड मागे पडल्यावर म्हणाला, "म्हणजे ही संपली की संपली."

"हो."

"ज्यांनी केली त्यांनाही माहीत नाही, ती काय होती."

मग माझं हसू गेलं. वाईट वाटलं मला, फार वाईट वाटलं. त्याच्या मनातली वाइन जगात एकदाच झाली होती, आणि ती झाल्याचं एकट्या यालाच कळलं होतं.

टँकरचा बेत बाईंनी अर्थातच सोडला. दर वर्षी वेगळं निघणार असेल तर गिऱ्हाईक काय म्हणेल? त्या तळघरात येऊन म्हणाल्या, "काका, मग तुम्हीच करा ना तशी. तुमच्या डोक्यात होतीच म्हणता, आणि आता तर चवही कळलीय. पिंपं मी अजून विकली नाहीत."

त्याने जीव तोडून केलं. वहिनीचा कांदा पुन्हा बंद झाला. तो मापं बदलायचा, मिश्रण बाटलीत भरायचा, काही दिवस ठेवून वर माझ्या खोलीत आणायचा, खिडकीच्या उजेडात, खऱ्या पेल्यात चाखायचा. निळ्या बोटीच्या बाटल्या दुकानात होत्या तेवढ्या त्याने आणून ठेवल्या होत्या. शेजारी त्यातला एक घोट. मग मान हलवून खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. मी लेबलं चिकटवत त्याच्याकडे बघायची आणि, खरं सांगते, एकदाही टोमणा मारला नाही. शेवटी तो बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. मी दारात होते.

"नाही येत मला," तो म्हणाला.

हे शब्द या माणसाच्या तोंडून मी जन्मात ऐकले नव्हते. बाईंनीही नसावेत. त्या खाली बघत म्हणाल्या, "मग जुनीच करा काका. ती चौघांतल्या तिघांना आवडली होती."

अशी ती वाचली. नवी पिंपं आली, तळघर राहिलं, चूळभरे तळघरातच राहिला. माझी खोली माझ्या एकटीला राहिली, याचा मला आनंद झाला असं मी सगळ्यांना सांगते.

यंदाचं मिश्रण बाटलीत भरून काही दिवस झाले, तसा तो जिना चढून वर आला. आता तो दर खेपेला येतो. मी पहिल्या खोक्यातली बाटली उघडून दिली. त्याने पेल्यात ओतली, चादरीसमोर तिरकी धरली, घोट घेतला, या गालातून त्या गालात. नाक मुरडलं आणि बादलीत थुंकला.

"काय रे?" मी घाबरून विचारलं. "बिघडली का?"

"छे," तो तोंड पुसत म्हणाला. "मला नाही आवडली. म्हणजे अगदी बरोबर झालीय. भर खोकी."